क्लेम रोडाचं भिंग आणि अ‍ॅव्हिसचे गाल

वॉलरूत कुणाच्या घरी अडगळ आवरताना काचेचा एखादा जाडजूड, चमत्कारिक तुकडा निघाला, की फेकण्यापूर्वी तो क्लेम रोडाला दाखवायचा, हा गावाचा शिरस्ता होता. दुर्बिणीची अर्धी बाजू, मोटारीच्या दिव्याची काच, जहाजावरच्या कंदिलाचं भिंग, असलं काहीबाही घेऊन लोक त्याच्या शेडमध्ये यायचे. एकदा विनी चॅपमननं तर आपल्या वारलेल्या काकांचा काचेचा डोळा आणला. क्लेमनं तो खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला,

"विनी, हा डोळा आहे."

"ते मलाही कळतंय रे. रुंद पडद्याच्या कामाचा आहे का, एवढंच सांग."

"नाही. नुसता गोल आहे."

क्लेमच्या लेखी जगातल्या काचांच्या दोनच जाती होत्या: नुसत्या गोल, आणि रुंद पडद्याच्या. पहिल्या जातीत चष्मे, आरसे, बाटल्या आणि काकांचा डोळा यायचा. दुसऱ्या जातीसाठी तो जगत होता.

धंद्यानं तो प्लंबर. अंगानं लांब, वाकडा, उन्हात विसरलेल्या बागेच्या नळीसारखा. गावातली निम्मी न्हाणीघरं त्यानं घातलेली आणि उरलेली निम्मी त्यानं दुरुस्त केलेली. तरुणपणी शेजारच्या कडिनामधल्या थिएटरला रुंद पडदा आला, तो पाहून क्लेम बाहेर पडला आणि घरी येऊन त्यानं स्वतःच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं काढलेली फिल्म भिंतीवर लावली. त्याला ते चित्र टपालाच्या तिकिटाएवढं वाटलं. त्या दिवसापासून हा माणूस बिघडला.

रुंद चित्राची युक्ती तशी सोपी आहे. प्रवासाला निघताना आपण गादीची वळकटी करतो ना, आवळून, दाबून, गुडघा टेकून? तसंच हे भिंग समोरचं रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी आवळून अरुंद फिल्मवर बसवतं. फिल्मवर सगळी माणसं बांबूसारखी उभट होतात. मग दाखवताना तसलंच भिंग प्रोजेक्टरपुढे धरायचं, की वळकटी सुटते आणि माणसं पुन्हा माणसात येतात. घोळ एवढाच, की जितकं आवळलं तितकंच सोडायला हवं. कमी सोडलं तर माणूस काडी, जास्त सोडलं तर पिंप.

थिएटरांसाठी केलेली ही भिंगं जुनी होऊन भंगारात निघत, आणि निम्म्यांवर नाव नाही, आकडा नाही, काही नाही. ती ओळखणं ही क्लेमची विद्या. हातभर लांब धरून दिव्याकडे रोखायचं. आतलं भोक अंड्यासारखं उभट दिसलं की जात पटली. मग डोळ्याला लावून हळूहळू फिरवायचं. समोरचा माणूस आधी बारीक आणि मग बसका व्हायला हवा. ही परीक्षा तो बारमध्येसुद्धा घ्यायचा. "बिल, तू आडवा बरा दिसतोस," असं ऐकून घेतल्याशिवाय वॉलरूत कुणाची बियर संपत नसे. बिनानावाच्या भिंगांना तो ती जिथून आली त्यावरून नावं द्यायचा. एक होता पाद्री, एक मोठी जपानीण, आणि सगळ्यात लाडकी पोर्ट पिरीची विधवा.

"मर्ल, आज विधवेला घेऊन जेटीवर जातोय," तो सकाळी बायकोला सांगायचा.

"जा. पण मागच्या वेळेसारखी माझ्या टॉवेलनं पुसू नकोस तिला," मर्ल म्हणायची.

आमच्या सिने क्लबाची सभा दर गुरुवारी इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, मागच्या खोलीत भरायची. बोलिंग क्लबाचा वारही गुरुवारच. त्यामुळे गावात दोन जाती पडल्या होत्या: हिरवळीवर जड चेंडू घरंगळत सोडणारे आणि अंधारात बसणारे. रोटीबेटीव्यवहार होता, पण गुरुवारी तोंड बघणं नाही. मर्ल ही बोलिंगवाल्या म्हाताऱ्या जेबेझ हॉकिंगची थोरली लेक. ती सिनेवाल्याच्या घरात पडली. धाकटी अ‍ॅव्हिस मात्र बापासारखीच हिरवळीची. तिनं लग्न केलं तेही बोलिंगवाल्या लॉरीशी. त्या लग्नात सगळी भानगड झाली.

बोलिंगवाल्यांच्या घरची लग्नं वसंतात होतात, कारण नवरीनं लग्नाच्या पोशाखात मोसमाचा पहिला चेंडू, तोही बापाचा, सोडायचा, अशी त्यांच्याकडे पद्धत. सोडण्यापूर्वी तिनं तो चेंडू गालाशी धरून फोटो काढून घ्यायचा. का, ते कुणालाच ठाऊक नाही. चेंडूला लाज वाटू नये म्हणून असेल. साल त्रेसष्ट. लग्नाची फिल्म काढायला क्लेम कॅमेऱ्यावर विधवेला बसवून गेला. हिरवळ काढली, पाहुणे काढले, पेस्ट्यांचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या आमच्याकडच्या मोठ्या करंज्यांचं, टेबल काढलं, आणि अ‍ॅव्हिसनं चेंडू गालाशी धरल्याबरोबर हा गडी आनंदानं पुढे, पुढे, पुढे सरकत तिच्या नाकापर्यंत पोचला.

महिन्याभरानं इन्स्टिट्यूटच्या मोठ्या हॉलमध्ये फिल्म लावली. अर्धं गाव आलं होतं. हिरवळ सुंदर, पाहुणे सुंदर. आणि मग पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अ‍ॅव्हिसचे गाल उगवले. भोपळ्यासारखा चेंडू, आणि चेंडूला लाजवणारे गाल. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं,

"अगं, आणखी एक पेस्टी घे!"

सगळा हॉल हसला. नवरदेव लॉरीसुद्धा हसला, आणि त्यानं पुढचा आठवडा गॅरेजमध्ये झोपून काढला. अ‍ॅव्हिस उठली, प्रोजेक्टरपाशी गेली, गरम रीळ तिनं स्वतःच्या हातानं ओढून काढलं, बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि घरी नेऊन पलंगाखाली सरकवलं. पुढच्या हिवाळ्यातच म्हातारा जेबेझ गेला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की चालता-हलता जेबेझ जगात एकाच जागी उरलाय, आणि ती जागा अ‍ॅव्हिसच्या पलंगाखाली आहे.

पुढची वीसेक वर्षं अ‍ॅव्हिस क्लेमशी बोलली नाही. बहिणीकडे यायची ती मंगळवारी, क्लेम कामावर असताना. त्याचं नाव घ्यायची नाही, "तुझा प्लंबर" म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळला की कडिनाहून माणूस बोलवायची. मी गावात टपाल वाटायचो आणि सिने क्लबाचा चिटणीसही होतो, त्यामुळे दोन्ही घरांत मला चहा मिळायचा आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागायचं.

"तिला वाटतं मी मुद्दाम केलं," क्लेम म्हणायचा.

"त्याला वाटतं माझे गाल तसेच आहेत," अ‍ॅव्हिस म्हणायची.

दोष खरा कुणाचा, ते क्लेमला एका मांजरानं दाखवलं. विधवेला लावून तो मर्लच्या मांजराची फिल्म काढत होता. लांबचं मांजर मांजरासारखं आलं. कॅमेऱ्याजवळ येऊन हुंगायला लागल्यावर मात्र त्याचं डुक्कर झालं. ही जुनी भिंगं फार जवळच्या वस्तूला पुरतं आवळतच नाहीत. कमी आवळलेलं, आणि दाखवताना पुरतं सोडलेलं. मग चेहरा फुगणारच. या धंद्यातले लोक त्याला गालगुंडच म्हणतात, हेही क्लेमला कुठल्याशा मासिकात सापडलं. तो तडक अ‍ॅव्हिसच्या दारात गेला. मी टपाल द्यायला तिथेच होतो. ती जाळीच्या दाराआड उभी राहिली.

"अ‍ॅव्हिस, ते गालगुंड होतं!"

"कुणाला?" तिनं मला विचारलं.

"भिंगाला! विधवेला! ती लांबच्यांना नीट आवळते गं, पण जवळ गेलं की तिची ताकद..."

अ‍ॅव्हिसनं आतलं लाकडी दारही लावून घेतलं. मग खिडकी उघडून मला म्हणाली, "टपालवाल्या, तुझ्या मित्राला उन्हात टोपी घालायला सांग."

कारण सापडलं तरी उपाय नव्हता. लग्नाच्या फिल्मला लांबच्या चित्रांसाठी दुप्पट सोडणारं भिंग हवं होतं आणि गालांपुरतं त्याहून कमी सोडणारं. किती कमी, ते रीळ बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि रीळ बघायला मिळणार नाही. क्लेमनं आपली सगळी भिंगं तपासली. पाद्री दुप्पट. मोठी जपानीण दुप्पट. मधलं कुणी नाही.

त्र्याऐंशीच्या वसंतात बातमी आली, की अ‍ॅव्हिस आणि लॉरी नाताळानंतर घर विकून पर्थला मुलीकडे कायमचे जाणार. म्हणजे बिस्किटांचा डबा एक तर खंडाच्या पार पलीकडे जाणार, नाहीतर आवराआवरीत कचऱ्यात.  त्या आठवड्यात मर्लच्या पेस्टीत मीठ नव्हतं, आणि मर्लच्या पेस्टीत मीठ नसणं ही गावात धोक्याची घंटा वाजण्यासारखी गोष्ट.

आणि मग चर्चच्या विक्रीत क्लेमला ती पेटी सापडली. वारा सुटला होता, आणि केकच्या टेबलावरचं कापड उडू नये म्हणून इथेल ट्रेनॉर्डननं कोपऱ्यावर विटेएवढी काळी लोखंडी पेटी ठेवली होती. पेटीला पुढेमागे काच, बाजूला दोन मळसूत्री बटणं. क्लेमनं ती उचलली. केक उडाले, पण ते त्याला दिसलं नाही. तो पेटीतून इथेलकडे बघत होता.

"इथेल, हलू नकोस."

"का? माशी बसली का?"

"तुला बारीक करतोय."

"कर रे बाबा. डॉक्टरला जमलं नाही."

त्यानं एक बटण फिरवलं, मग दुसरं. मग पेटी खाली घेऊन आत डोकावला. आत भिंग नव्हतंच. काचेच्या दोन जाड पाचरी होत्या, एकमेकींकडे तिरक्या टेकलेल्या. बटण फिरवलं की पाचरींचा कल बदलायचा. क्लेमचा चेहरा असा झाला, की इथेलनं त्याला खुर्ची दिली.

"कितीचं आहे रे? दुप्पट? दीडपट?" मी विचारलं.

"कितीचंही!" तो म्हणाला. "हवं तेवढं! आजवर मी पाइप गोळा करत होतो. हा नळ आहे, नळ!"

मग तो शेडमध्ये शिरला आणि गावातले पाइप गळत राहिले. पेटी प्रोजेक्टरच्या नाकाला जोडायची होती आणि असली जोडणी कुठल्या दुकानात मिळत नाही. पण प्लंबरला जगात न जुळणारी दोन तोंडं नसतात. संडासाच्या टाकीचा पाइप भांड्याला बसवतात, त्याचं जाड काळं रबर त्यानं प्रोजेक्टरच्या नाकावर चढवलं आणि दुसऱ्या बाजूनं पेटी आत दाबली. वर तांब्याची पट्टी आवळली. पेटी जराशी तिरकी बसली तरी पडद्यावरची सगळी माणसं दारू प्यायल्यासारखी कलतात, म्हणून वर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मधोमध आणला. दोन्ही बटणं एकदम आणि एकमेकांविरुद्ध फिरायला हवी होती. ते काम मर्लच्या अंडी घुसळायच्या यंत्राच्या दातेरी चाकांनी केलं. सगळ्यात शेवटी, बोटांना धरायला नीट हवं म्हणून, वर न्हाणीघराच्या जुन्या नळाची पितळी चौफुली बसवली. लाल ठिपक्याकडे फिरवली की चित्र पसरायचं, निळ्याकडे फिरवली की आवळायचं.

"गरम म्हणजे जाड, थंड म्हणजे बारीक," त्यानं मला समजावलं. "लांबची चित्रं पूर्ण गरमवर दाखवायची. गाल आले की थंड करत जायचं."

"किती थंड, ते कसं कळणार?"

"चेंडू आहे ना तिच्या हातात! चेंडू बरोबर गोल झाला की थांबायचं. तोच आपला पुरावा. गाल मग जसे असतील तसे असतील."

मला ते फार पटलं. आमच्या गुरुवारच्या सभेतही सगळ्यांना पटलं. ट्रेव्हर नावाच्या आमच्या खजिनदारानं तर टाळ्या वाजवल्या.

राहिलं रीळ. ते मर्लनं मिळवलं. मंगळवारी मी टपाल घेऊन गेलो, तेव्हा दोघी बहिणी स्वयंपाकघरात चहा घेत होत्या, आणि मर्ल नेहमीच्याच आवाजात, म्हणजे कपाटाशी बोलावं तशा आवाजात, म्हणाली,

"अ‍ॅव्हिस, तो डबा घेऊन ये रविवारी."

"कुठला डबा?"

"पलंगाखालचा."

"मर्ल, माझ्या गालांचा विषय काढायचा नाही."

"तुझे गाल मी जन्मापासून बघतेय. मला डॅड बघायचेत."

अ‍ॅव्हिसनं चहा ढवळला. साखर ती घेत नाही.

"त्यात डॅड आहेतच किती? अर्धं मिनिट."

"असू दे अर्धं मिनिट."

"आणि तुझा प्लंबर ते लावणार कशातून? ती विधवा?"

"पेटीतून. ती प्रोजेक्टरला लावलीय." मर्ल जरा थांबली. "रबरानं."

"कसल्या रबरानं?"

मर्लनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्रांकडे पाहिलं.

"संडासाच्या," मर्ल म्हणाली.

"म्हणजे माझं लग्न आता संडासातून दाखवणार!" अ‍ॅव्हिस उठली, पर्स उचलली, दारापर्यंत गेली.  मग म्हणाली, "चारच माणसं. लॉरी नको, तो हसतो. मी थांब म्हटलं की थांबायचं. आणि एकदा जरी कुणी हसलं, तर रीळ जेटीवरून समुद्रात."

रविवारी दुपारी क्लेमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. बाहेर आमच्याकडचा डिसेंबरातला असा उन्हाळा, की माश्याही सावलीला बसल्या होत्या. आत खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या. लॉरी शहाणा माणूस, तो सकाळीच मासे धरायला गेला होता. अ‍ॅव्हिस डबा मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. क्लेमनं हात पुढे केला, तिनं दिला नाही. स्वतःच चमच्याच्या दांड्यानं उघडलं.

"रीळ तुटलं तर?" मी क्लेमच्या कानात विचारलं.

"तर मीही जेटीवरून," तो कुजबुजला.

फिल्म लागली. पूर्ण गरम. भिंतभर हिरवळ पसरली, अगदी सरळ, जिथल्या तिथे. पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट, लांबलचक टेबलावर पेस्ट्यांच्या राशी.

"फ्लॉरी आत्या," मर्ल म्हणाली. "केवढी ती हॅट."

"ती हॅट माझी होती. परत दिलीच नाही तिनं," अ‍ॅव्हिस म्हणाली. पाहुणे नीट दिसत होते, कुणी जाड नाही, कुणी बारीक नाही, आणि तिचा आवाज किंचित सैल झाला होता.

मग क्लेमचा कॅमेरा पुढे सरकायला लागला. अ‍ॅव्हिसनं खुर्चीचे हात धरले. पडद्यावर वीस वर्षांपूर्वीची अ‍ॅव्हिस मोठी होत गेली, रुंद होत गेली, आणि शेवटी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते गाल. क्लेमनं खटका दाबला. प्रोजेक्टरला एकच चित्र थांबवून धरायची सोय होती. अशा वेळी उजेड कमी होतो. आणि फार वेळ थांबवलं तर दिव्यानं फिल्म भाजते.

कुणी हसलं नाही. 

"हं," अ‍ॅव्हिस म्हणाली. "आले."

क्लेमनं चौफुली निळ्याकडे फिरवायला सुरुवात केली. अंड्याच्या यंत्राची चाकं किर्र वाजली. गाल मिटत आले. चेंडूचा भोपळा आधी बटाट्यासारखा झाला, मग संत्र्यासारखा, आणि मग अगदी चंद्रासारखा गोल. क्लेमनं हात काढला. त्याचा चेहरा अंधारातही उजळलेला दिसत होता.

"झालं!" तो म्हणाला. "बघ अ‍ॅव्हिस, चेंडू बघ. एकदम गोल! आता हे चित्र खरं."

अ‍ॅव्हिस बघत राहिली. मग पुढे वाकून बघितलं. मग तिच्या खुर्चीतून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. आता समुद्र, असंही वाटलं. पण ती हसत होती. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून.

"गोल!" ती म्हणाली. "मर्ल, ऐकलंस? गोल म्हणतोय!"

"काय झालं?" क्लेम गोंधळला. "चेंडू आहे. चेंडू गोलच असतो."

"अरे गोल असता तर सरळ नसता का गेला? आमचा चेंडू वळतो, प्लंबर, वळतो! एका अंगाला कमी असतो म्हणून वळतो. समोरून धरला की उभट दिसतो, जरासा. हिरवळीवरचं शेंबडं पोरही सांगेल! मर्ल, तू ह्या माणसाशी लग्न केलंस?"

"मला त्यानं कधी विचारलं नाही," मर्ल म्हणाली. "चेंडूचं."

क्लेमनं माझ्याकडे पाहिलं.  आमच्या आख्ख्या क्लबात कुणी आयुष्यात तो चेंडू हातात धरला नव्हता. ट्रेव्हरच्या टाळ्या मला आठवल्या.

"म्हणजे..." क्लेम म्हणाला, "अजून जाडच आहे?"

"अर्थात जाड आहे! डॅडचा चेंडू आहे तो. अजून मी त्यानंच खेळते. मला अंधारात हात लावून ओळखू येतो, आणि तू मला भिंतभर चंद्र दाखवतोस! थंड कर. अजून थंड."

क्लेमनं फिरवलं.

"अजून. अरे घाबरतोस काय? अजून!"

"अ‍ॅव्हिस, फिल्म भाजेल."

"मी वीस वर्षं भाजले, तिला दोन मिनिटं भाजू दे. अजून थंड. आता जरा गरम. केसाएवढं. केसाएवढं म्हटलं, मेल्या, वितीएवढं नाही! हां. थांब. हात काढ."

भिंतीवर चेंडू उभा होता, किंचित लांबट, काळा, कडेला घासलेला.

"हा डॅडचा चेंडू," अ‍ॅव्हिस म्हणाली.

त्याच्या शेजारी तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती. दात पुढे, केसांत फुलं, आणि गाल. भोपळा नाही, पण गाल होते. चांगले भरलेले, हसल्यावर डोळे झाकणारे. अ‍ॅव्हिसनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. आम्ही तिघंही तिच्याकडे न बघण्याची खबरदारी घेत होतो.

"थोडे होतेच की गं," ती शेवटी म्हणाली.

"होतेच," मर्ल म्हणाली.

"एवढे नव्हते, जेवढे ह्यानं दाखवले."

"नव्हते," क्लेम घाईघाईनं म्हणाला. "शपथ. विधवेची..."

"फिल्म चालव," अ‍ॅव्हिस म्हणाली. "भाजेल."

क्लेमनं खटका सोडला. मुलगी हलली, हसली, आणि डाव्या बाजूनं एक जाड, डागाळलेला हात चित्रात आला. त्या हातानं तिच्या बोटांतला चेंडू नीट फिरवून दिला, आणि हातामागोमाग म्हातारा जेबेझ हॉकिंग स्वतः आत आला, इतका जवळ की टोपीची कड कापली गेली. हॉलमध्ये त्या दिवशी तोही फुगला असणार, पण तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता तो होता तेवढाच होता. लेकीला काहीतरी सांगत होता. आवाज नाही, नुसते ओठ.

मर्ल खुर्चीच्या अगदी कडेला आली होती.

"मी विसरले होते," ती म्हणाली. "बोलताना त्यांची डावी भुवई उडायची."

"मला ओरडतायत," अ‍ॅव्हिस म्हणाली. "मी चेंडू उलटा धरला होता."

जेबेझ मागे सरकला, अ‍ॅव्हिसनं वाकून चेंडू सोडला, तो हिरवळीवरून लांब जात जात हळूच आत वळला, आणि भिंत पांढरी झाली. रिळाचं टोक फटफट वाजत राहिलं. क्लेमनं यंत्र बंद केलं. घोंगडीच्या फटीतून उन्हाची एक रेघ मर्लच्या पायांवर पडली होती, आणि ती डोळे पुसत होती तेही नेहमीसारखंच, म्हणजे ओट्यावरचं काही पुसावं तसं.

"मागे घे," अ‍ॅव्हिस म्हणाली. "पुन्हा लाव. सुरुवातीपासून."

क्लेमनं रीळ मागे घेतलं. तोवर अ‍ॅव्हिसनं आपली खुर्ची उचलून प्रोजेक्टरशेजारी आणली आणि पितळी चौफुलीवर हात ठेवला.

"नळाशी मी बसते. तुझं काम नाही ते. तू चहा टाक."

"पूर्ण गरमवर सुरू कर," क्लेम म्हणाला. "आणि पाणसळीला धक्का..."

"चहा, क्लेम."

तो निमूट स्वयंपाकघरात गेला. त्या दुपारी ते रीळ किती वेळा लागलं, ते आम्ही मोजलं नाही. एकदा अ‍ॅव्हिसनं फ्लॉरी आत्याला मुद्दाम पूर्ण थंडवर नेऊन काडी केलं, आणि दोघी बहिणी पोरींसारख्या खिदळल्या. संध्याकाळी लॉरी मासे घेऊन दारात आला, तेव्हा अ‍ॅव्हिस बाहेर पडली. तिच्या हातात फक्त पर्स होती.

"डबा राहिला गं तुझा," मर्ल दारातून म्हणाली.

"राहू दे तुझ्याकडे," अ‍ॅव्हिस गाडीचं दार लावत म्हणाली. "पर्थला असला नळ कुठे मिळणार?"